शीट धरणार कोण? गाळ्यासाठी सीएनसी राउटर आणि परवडणारा व्हॅक्यूम

मॉड्युलर किचन, वॉर्डरोब किंवा देवघराच्या जाळ्या करणाऱ्या गाळ्यात सीएनसी राउटर, म्हणजे संगणकाच्या हुकमाने लाकूड कापणारं मशीन, घ्यायचं ठरलं की बोलणी स्पिंडलच्या (बिट फिरवणाऱ्या मोटरच्या) किलोवॉटपासून सुरू होतात. शीट बेडवर धरायची कशी, हा विषय बहुतेक वेळा मशीन बसल्यावर निघतो, तोही पहिलं शटर कापता कापता सरकून वाया गेल्यावर. हा क्रम उलटा करावा. शीट कशी धरणार हे आधी ठरलं की मशीनचं माप, विजेचा लोड आणि बजेट हे तिन्ही त्यातूनच ठरतं.

आधी काम कोणतं ते बघा. सागवानाच्या दारावर कोरीव काम करायचं असेल तर व्हॅक्यूमची, म्हणजे शीटखालची हवा काढून तिला धरण्याची, गरजच नाही. जाड, जड जॉब बेडच्या टी-स्लॉटमधल्या (खाचेतल्या) क्लॅम्पने घट्ट बसतो आणि तासन्‌तास हलत नाही. दिवसाला आठ-दहा शीट कापून कॅबिनेट करायचे असतील तर मात्र क्लॅम्प आणि स्क्रू यांतच अर्धा वेळ जातो. क्लॅम्पवर बिट आदळण्याची धास्ती असते ती वेगळीच. व्हॅक्यूमचे पैसे वसूल होतात ते इथे. जाळीचं काम या दोन्हींच्या मधलं आणि सगळ्यात त्रासाचं, त्याकडे पुढे येऊ.

मशीनकडे बघताना

आपल्याकडे प्लाय आणि एमडीएफची शीट ८ बाय ४ फूट, म्हणजे २४४० बाय १२२० मिमी. ती अख्खी बसावी म्हणून १३२५ नावाने विकलं जाणारं मशीन घेतात. त्याची चाल साधारण १३०० बाय २५०० मिमी असते. जागा कमी म्हणून ४ बाय ४ घेतलं तर प्रत्येक शीट आधी पॅनेल सॉवर अर्धी करावी लागते आणि नेस्टिंगचा (एकाच शीटवर सगळे भाग मांडून कापण्याचा) अर्धा फायदा तिथेच संपतो. १३२५ ला मशीनची स्वतःची जागा ३ मीटरपेक्षा लांब आणि २ मीटरपेक्षा रुंद लागते. शिवाय एका बाजूने शीट चढवायला तिच्या लांबीइतकी मोकळीक हवी. गाळा वरच्या मजल्यावर असेल तर ऑर्डर देण्याआधी दार आणि लिफ्ट मोजा.

स्पिंडलची ताकद महत्त्वाची आहेच, पण ती वापरता येण्यासाठी मशीनला वेगात, न थरथरता चालता आलं पाहिजे. गणित सोपं आहे: आरपीएम गुणिले बिटच्या धारा गुणिले प्रत्येक धारेने काढायच्या भुशाची जाडी. १८,००० आरपीएम, दोन धारांचं ६ मिमी बिट आणि ०.२ मिमी जाडी धरली तर फीड, म्हणजे बिट पुढे सरकण्याचा वेग, ७,२०० मिमी प्रति मिनिट येतो. ‘हळू चालवा, टूल टिकेल’ हा सल्ला लाकडात उलटा पडतो. त्याच आरपीएमला ३,००० ने चालवलं तर प्रत्येक धार जेमतेम ०.०८ मिमी कापते. कापण्यापेक्षा घासणं जास्त होतं, बिट तापतं, कडा काळी पडते आणि धार लवकर मरते. मशीन खरंच हळू असेल तर एका धारेचं बिट लावा आणि आरपीएम १२,००० वर आणा. मग २,४०० च्या फीडलाही ०.२ मिमीचा भुसा निघतो.

१८ मिमी प्लाय दोन पासमध्ये (फेऱ्यांत) कापायला ३ किलोवॉट पुरतो. दिवसभर एकाच पासमध्ये कापायचं असेल तर ४.५ ते ६ किलोवॉट घ्या. कोलेट (बिट पकडणारी चिमटी) ईआर२५ असेल तर १६ मिमीपर्यंत शँक (बिटचा दांडा) बसते, ईआर३२ ला २० मिमीपर्यंत. स्पॉइलबोर्ड (शीटखाली अंथरायचा बोर्ड) सपाट करायचं मोठं कटर लावायचं तर ईआर३२ बरा. वॉटर-कूल्ड स्पिंडल शांत चालतो, पण पाण्याचा पंप बंद पडल्याचं कुणाच्या लक्षात आलं नाही तर जळतो. धुळीच्या गाळ्यात आम्ही एअर-कूल्ड सुचवू. व्हीएफडी (स्पिंडलचा वेग ठरवणारा ड्राइव्ह) बदलला किंवा रीसेट झाला तर स्पिंडल चालू करण्याआधी त्याची सेटिंग तपासा. २४,००० आरपीएमचा स्पिंडल ४०० हर्ट्झचा असतो. व्हीएफडी ५० हर्ट्झच्या साध्या मोटरच्या सेटिंगवर असेल तर कमी वेगालाच पूर्ण व्होल्टेज मिळतं आणि वाइंडिंग जळतं.

बाकी सांगाड्यात रॅक हेलिकल आहे का, मोटर आणि पिनियन यांच्यामध्ये गिअरबॉक्स आहे का, गॅन्ट्रीखालच्या (स्पिंडल वाहणाऱ्या आडव्या पुलाखालच्या) लिनिअर रेल २० किंवा २५ मिमीच्या आहेत का, वर-खाली चालीला बॉल स्क्रू आहे का, एवढं बघा. साधी स्टेपर मोटर अडकली तर स्टेप चुकवते आणि कंट्रोलरला पत्ता लागत नाही. क्लोज्ड-लूप स्टेपर किंवा सर्व्हो असेल तर मशीन निदान अलार्म देऊन थांबतं. कंट्रोलर हातातला डीएसपी (रिमोटसारखा) असो की संगणकावरचा, वीज गेल्यावर जिथे थांबला तिथून पुढे चालू होतो का, हे समोर करून दाखवायला सांगा. सॉफ्टवेअरबद्दल एकच: ऑटोडेस्कने आर्टकॅम हे कोरीव कामाचं डिझाइन सॉफ्टवेअर २०१८ मध्ये बंद केलं, तेव्हा मशीनसोबत ‘फुकट आर्टकॅम’ मिळत असेल तर ती प्रत कुठून आली ते विचारा.

विकत घेण्याआधी विक्रेत्याच्या मशीनवर दोन चाचण्या घ्या. एमडीएफवर १२०० बाय २४०० मिमी आयताच्या चार कोपऱ्यांत भोकं पाडायला सांगा आणि दोन्ही कर्ण मोजा. ते २६८३ मिमीच्या आसपास यावेत. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दोघांमधला फरक अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त नको. मग ३०० मिमीचं वर्तुळ कापून घ्या. ते तिरकं लांबट आलं तर गॅन्ट्री काटकोनात नाही. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे अशा चार जागी चपटं आलं तर कुठेतरी प्ले (ढिलेपणा) आहे. ब्रोशर पाहण्यापेक्षा ही दहा मिनिटं जास्त उपयोगाची.

व्हॅक्यूम किती जोर लावतो

व्हॅक्यूम शीट ओढतो असं आपण म्हणतो, पण खरं तर वरची हवा तिला दाबते. समुद्रसपाटीला हवेचा दाब ७६० मिमी पारा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण १.०३ किलो. जगातला सर्वात महाग पंपसुद्धा याच्यापुढे जाऊ शकत नाही. पुणे ५६० मीटर उंचीवर, तिथे हा आकडा मुळातच सहा-सात टक्क्यांनी कमी.

स्वस्त मोटरने गेजवर १९० मिमी पारा दाखवला तर तो वातावरणाच्या पाव भाग झाला, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.२६ किलो. ऐकायला फुसका वाटतो. पण ८ बाय ४ च्या शीटचं क्षेत्रफळ जवळजवळ ३०,००० चौरस सेंटिमीटर आहे, म्हणजे अख्ख्या शीटवर साडेसात टनांहून जास्त दाब. अख्खी शीट धरणं हे अवघड काम नाहीच. प्रश्न येतो तो तिचे तुकडे व्हायला लागल्यावर.

बिट शीटला आडवं ढकलतं. कटला खरोखर १ किलोवॉट लागत असेल आणि ६ मिमी बिट १८,००० आरपीएमला फिरत असेल, तर धारेचा वेग सेकंदाला साडेपाच मीटरच्या वर जातो आणि आडवा जोर साधारण १८ किलो येतो. प्लाय आणि एमडीएफ यांच्यातलं घर्षण दाबाच्या सुमारे एक तृतीयांश धरा. म्हणजे तुकडा जागेवर राहायला खाली ५४ किलो दाब हवा. कापताना हवा गळते, त्यामुळे गेज १९० वरून १३० पर्यंत उतरलेला असतो. त्या दाबाला ५४ किलो मिळवायला ३०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे १७ बाय १७ सेंटिमीटरचा तुकडा लागतो. प्लायमध्ये गाठ येते, धार बोथट होते, म्हणून दुप्पट धरून चाला. ए-फोर कागदापेक्षा लहान जो तुकडा असेल तो फक्त व्हॅक्यूमच्या भरवशावर एका पासमध्ये कापू नका.

पंप कोणता

इथे सगळ्यात जास्त पैसे चुकीच्या ठिकाणी जातात. व्हॅक्यूमचे दोन आकडे असतात: किती खोल, म्हणजे गेज कुठवर जातो, आणि किती हवा, म्हणजे तासाला किती घनमीटर खेचतो. विक्रेता पहिला आकडा ठळक सांगतो. शीटच्या कामाला निर्णायक असतो दुसरा.

कारण असं. एका किचनच्या शीटमध्ये २० मीटर कट असेल आणि बिट ६ मिमीचं असेल, तर शेवटी ०.१२ चौरस मीटर खाच उघडी पडते. ती शीटच्या चार टक्के भरते. तेवढ्या खाचेखालच्या स्पॉइलबोर्डमधून हवा आत येतच राहते. पंपाने ती तितक्याच वेगाने बाहेर काढली तरच दाब टिकतो. एसी दुरुस्तीवाल्यांचा छोटा ऑइल पंप गेजवर जवळजवळ पूर्ण व्हॅक्यूम दाखवतो, पण तासाला जेमतेम काही घनमीटर हवा काढतो. रबराच्या कडेने बंद केलेल्या पॉडवर (जॉब धरणाऱ्या छोट्या ठोकळ्यावर) तो उत्तम चालतो. स्पॉइलबोर्डवर मात्र गेजचा काटा हलतसुद्धा नाही.

कार्बन व्हेनचा कोरडा पंप ६०० मिमीच्या पुढे जातो, लहान तुकडेही घट्ट धरतो, पण महाग आहे आणि एमडीएफची धूळ आत गेली तर व्हेन झिजतात. वॉटर-रिंग पंप धुळीला दाद देत नाही आणि खोलही जातो. मात्र पाणी, मोठी मोटर आणि थ्री-फेज लागतं. साइड-चॅनेल ब्लोअर, म्हणजे रिंग ब्लोअर, १५० ते २२० मिमीपर्यंत जातो आणि हवा भरपूर खेचतो. रोज दोन पाळ्या चालणाऱ्या गाळ्याला आम्ही हाच सुचवू, ५.५ ते ७.५ किलोवॉटचा. त्याला रिलीफ व्हॉल्व्ह हवाच. टेबलाचे सगळे झोन (वेगळे बंद करता येणारे भाग) बंद राहिले तर आतली हवा तिथेच घुसळून ब्लोअर तापतो.

बजेट तुटपुंजं असेल तर चौथा मार्ग आहे: औद्योगिक व्हॅक्यूम क्लीनरच्या बायपास मोटरी. दोन टप्प्यांच्या पंख्याची, १,२०० वॉटच्या आसपासची एक मोटर १८० ते १९० मिमीपर्यंत जाते, उघड्यावर तासाला दीडशेपेक्षा जास्त घनमीटर हवा काढते आणि काही हजार रुपयांत मिळते. ४ बाय ४ ला दोन, ८ बाय ४ ला चार. यांचा आवाज कानठळ्या बसवणारा असतो आणि कार्बन ब्रश ५०० ते १,००० तासांत बदलावे लागतात. दिवसाला दोन-तीन तास कटिंग असेल तर हा व्यवहार फायद्याचा. दिवसभर असेल तर नाही.

मोटरींची पेटी

मोटर घेताना ‘बायपास’ हा शब्द पक्का करून घ्या. घरगुती क्लीनरमधली साधी मोटर स्वतः खेचलेल्या हवेनेच थंड होते. शीट नीट बसली की हवेचा प्रवाह थांबतो आणि ती मोटर मिनिटांत जळते. बायपास मोटरला थंडाव्यासाठी वेगळा पंखा असतो. पण तिलाही पेटीत दोन वेगळे कप्पे लागतात. काम करून बाहेर पडणारी गरम हवा थंडाव्याच्या कप्प्यात शिरली तर बायपासचा उपयोग शून्य.

मोटरी शेजारी शेजारी एकाच पोकळीला जोडल्या की हवा दुप्पट होते, गेज तेवढाच राहतो. एकीच्या मागे एक जोडल्या तर गेज वाढतो, हवा तेवढीच राहते आणि मागची मोटर गरम हवा ओढून तापते. शीटच्या कामाला शेजारी शेजारीच लावा. प्रत्येक मोटरच्या तोंडाशी रबराची झडप बसवा. नाहीतर दोन मोटरी बंद ठेवून दोन चालवल्या तर बंद मोटरींतूनच हवा उलटी आत येते. स्विच चारही वेगळे असू द्या आणि एकामागून एक चालू करा.

पेटीच्या आधी ड्रम आणि त्यात गाडीच्या एअर फिल्टरसारखा घड्यांचा कागदी फिल्टर. गेज दोन लावा, फिल्टरच्या आधी आणि नंतर. दोन्हींत फरक दिसला की फिल्टर तुंबला.

विजेचा हिशेब इथेच करा. ४.५ किलोवॉट स्पिंडल, चार मोटरींचे ४.८, भुसा ओढणाऱ्या कलेक्टरचे २.२ आणि ड्राइव्हचा १, म्हणजे एकूण साडेबारा किलोवॉट. सिंगल फेजवर हे ५० अँपिअरच्या वर जातं. थ्री-फेज घ्या, मोटरी तिन्ही फेजवर वाटून द्या आणि महावितरणकडे लोडचा अर्ज मशीनच्या ऑर्डरबरोबरच टाका.

टेबल

खालचा थर म्हणजे प्लेनम, शीटखाली व्हॅक्यूम पसरवणारा. त्यातून हवा अजिबात जाता कामा नये. १८ मिमी एचडीएचएमआर (घट्ट, ओल न धरणारा बोर्ड) किंवा पीव्हीसी शीट घ्या आणि त्याच राउटरने तिच्यात १२ मिमी रुंद, ८ मिमी खोल खाचांची जाळी कापा. दोन खाचांमध्ये ४० ते ५० मिमी भाग राहू द्या. खाचा जास्त रुंद केल्या तर वरचा बोर्ड त्यांत दबतो आणि कटची खोली बदलते. आतून-बाहेरून दोन हात पॉलिश किंवा पीयू मारा. जाळीचे चार ते सहा झोन करा, मधल्या भिंती खाच न पाडता अखंड ठेवा, आणि प्रत्येक झोनला वेगळा बॉल व्हॉल्व्ह द्या.

पाइपात कंजुषी नको. मुख्य पाइप ७५ किंवा ९० मिमीचा, ६ किलो दाबाचा शेतीचा पीव्हीसी चालतो. फाटे ५० किंवा ६३ मिमीचे. एल्बोऐवजी लाँग बेंड लावा. चार मोटरी लावून सगळी हवा एका इंची होजमधून ओढायची हे आम्ही पाहिलेलं सर्वात नेहमीचं चुकीचं काम आहे.

वरचा थर स्पॉइलबोर्ड. त्याच्यातून हवा गेलीच पाहिजे, म्हणून साधा, हलका इंटिरिअर ग्रेडचा १८ मिमी एमडीएफ. इथे ‘चांगला माल’ म्हणून एचडीएचएमआर वापरलात तर व्हॅक्यूम अडतो, तो फार घट्ट असतो. एमडीएफचे दोन्ही चेहरे दाबून गुळगुळीत केलेले असतात आणि हवा तिथेच अडते. आधी एक बाजू अर्धा ते एक मिमी फेस करा (वरचा थर कापून सपाट करा), उलटा करा, मग दुसरी. चारही कडांना फेविकॉल चोपडून एजबँड लावा, कारण कडेतून चेहऱ्यापेक्षा जास्त हवा गळते. बोर्ड धरायला लोखंडी स्क्रू नकोत, नायलॉनचे बोल्ट खोल बुडवून लावा. व्हॅक्यूम चालू झाला की तो बसतोच.

कापताना

बिट शीटखाली ०.१ ते ०.२ मिमीच उतरू द्या. जास्त खोल गेलं तर बोर्डात चर पडतात आणि पुढच्या शीटखाली त्यांतून हवा पळते. लहान तुकडे आधी कापा, शीट अख्खी असताना आणि गळती कमी असताना. मोठी शटरं शेवटी. ए-फोरपेक्षा लहान तुकड्यांना पहिल्या पासमध्ये ०.८ मिमी पापुद्रा ठेवा आणि दुसऱ्या पासमध्ये काढा. पापुद्रा कापायला ताकद फारच कमी लागते, त्यामुळे आडवा जोरही उरत नाही. त्याहून लहान असेल तर ६ मिमी रुंद, २ मिमी जाड टॅब, म्हणजे तुकडा शीटला जोडून ठेवणारी पट्टी, सोडा.

अप-कट बिट भुसा छान काढतं, पण शीट वर उचलतं. डाउन-कट शीट दाबतं, पण भुसा खाचेत ठासतं आणि तापतं. दोन्ही बाजूंनी सनमायका असलेल्या शीटला कॉम्प्रेशन बिट (टोकाला अप-कट, वर डाउन-कट) घ्या. त्याचा टोकाकडचा अप-कट भाग पहिल्याच पासमध्ये वरच्या सनमायकाच्या खाली गेला पाहिजे. ३-३ मिमीचे पास घेतलेत तर ते निव्वळ अप-कटसारखंच वागतं आणि वरची कड तुटते.

बेडचा उघडा भाग सनमायकाच्या तुकड्यांनी झाका. पावसाळ्यात शीट वाकते. १८ मिमीच्या शीटची कड पाच मिमी वर असेल तर पाव वातावरण तिला खाली आणणार नाही, कारण हवा आधीच कडेने शिरते. हाताने दाबून बसते का बघा, नाहीतर वाया जाणाऱ्या पट्टीत चार स्क्रू मारा. त्यात कमीपणा नाही.

जाळीला पाडलेलं प्रत्येक भोक म्हणजे गळतीची नवी जागा, आणि सुटलेला प्रत्येक तुकडा बिटखाली येऊन उडू शकतो. मोठ्या जाळीला सगळी भोकं पापुद्रा ठेवून कापा. मशीन झाल्यावर शीट उलटी करून पापुद्रा पॉलिश पेपरने उतरवा. एखाद-दुसऱ्या छोट्या जाळीसाठी बोर्डाला आणि जॉबला मास्किंग टेप लावून दोन टेपच्या मध्ये फेवीक्विक टाकलं तरी भागतं.

गेज काय सांगतो

रिकाम्या बेडवर सनमायकाची अख्खी शीट ठेवून गेज वाचा आणि तो आकडा भिंतीवर लिहून ठेवा. काही आठवड्यांनी तीच शीट ठेवून तो खाली आला तर पाइपचे जोड, प्लेनमचा सील किंवा मोटरचे ब्रश बघा. सनमायका शीटला आकडा ठीक, पण कटिंगला पकड नाही, असं असेल तर स्पॉइलबोर्डची छिद्रं धुळीने बुजली आहेत. ०.३ ते ०.५ मिमी फेस करा. बोर्ड पातळ होत जातो तशी पकड सुधारते, हा त्यातला फायदा. ८ मिमीच्या खाली मात्र तो खाचांवर झोल खातो, बदलून टाका.

एक धोका स्वस्त मोटरींच्या पेटीत जास्त असतो. बोथट बिटने भुसा जळून ठिणगी झाली तर व्हॅक्यूम ती खाली ओढतो आणि ड्रममधल्या बारीक धुळीत नेऊन टाकतो. ती तिथे तासभर धुमसू शकते. काळी कड किंवा जळका वास आला तर मशीन थांबवून ड्रम उघडून बघा, तो रोज संध्याकाळी रिकामा करा, पेटी प्लायच्या साठ्यापासून लांब ठेवा आणि पावडरचा अग्निशामक तिच्याजवळ नाही, दारापाशी टांगा.